दातिवरे ते तारापूर: मचव्यावरचे नऊ दिवस आणि न वाचलेली एक ओळ

पालघरहून तारापूरला जायला तेव्हाही दोन-अडीच तास पुरायचे. गाडीने बोईसर, तिथून एसटी, आणि एसटी वेळेवर आली नाही तर बोईसरच्या स्टेशनाबाहेर एक चहा. आम्हाला नऊ दिवस लागले. शिवाय आम्ही आधी उलट्या दिशेने सफाळ्याला गेलो, म्हणजे शहाण्या माणसाने हा मार्ग घेऊ नये हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला विजेच्या केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. मी मूळची नाशिकची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि तोही सासरच्या दहा माणसांबरोबर. पालघरच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. घरी दोन खोल्या, आठ माणसं आणि एक शिवणयंत्र. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आता ते नाहीत आणि ओरडणारंही कोणी उरलेलं नाही, तेव्हा बिनधास्त लिहिते: मधुकर. कचेरीत कारकून. घरात मी त्याच्या तोंडून आठ महिन्यांत जे शब्द ऐकले होते, ते पोस्टकार्डावर मावले असते.

आमच्या दारावर सुके बोंबील घेऊन जायबाई यायची. दातिवऱ्याची, पन्नाशीची, आवाज असा की चार घरं आधीच कळायचं. दिवाळीच्या तोंडावर ती सासूबाईंना म्हणाली, "ही शेवटची टोपली. माजे गुडघे गेले. आता मचवा इकतो, नि सातपाटीला माज्या भावाच्या विंजनाच्या होडीत भागी घेतो."

विंजन म्हणजे इंजिन. तेव्हा किनाऱ्यावर सगळीकडे तीच हवा होती. तारापूरला गिऱ्हाईक ठरलं होतं आणि जायबाईचा नवरा हिराजी, म्हणजे मचव्याचा तांडेल, तो शिडावर तिकडे पोचवणार होता. मधुकर आतल्या खोलीत दाढी करत होता. अर्धा साबण गालावर ठेवून तो बाहेर आला आणि म्हणाला, "आम्हाला न्याल?"

सासूबाई, सासरे, मी आणि जायबाई, चौघंही त्याच्याकडे पाहत राहिलो. इतकं लांब वाक्य त्याने घरात कधी बोललेलं कोणाला आठवत नव्हतं.

तारापूरला त्याची मावशी होती, तिला फराळ पोचवायचा होता, त्यामुळे प्रवासाला नैतिक अधिष्ठान मिळालं. सासूबाईंना वाटलं, होडीने म्हणजे एका दिवसात. आम्हालाही तसंच वाटलं. भाडं जायबाईने घेतलं नाही. तांदूळ, रॉकेल आणि चहा-साखर आमची, मासळी त्यांची, असा करार झाला.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी निघालो. सफाळ्याला उतरून एसटीने दातिवरे. रस्ता भातखाचरांमधून जायचा. कापणी चालू होती आणि बस इतकी हळू की कापणारी माणसं शेतातून उभं राहून आमच्या ड्रायव्हरशी पूर्ण संभाषण करत होती. दुपारी खाडीवर पोचलो तेव्हा मचवा समोर नांगरून ठेवलेला होता. लांबून मला तो फारच देखणा वाटला. जवळ गेल्यावर वासही आला.

मचव्याविषयी थोडं सांगते, म्हणजे कोणी स्वप्नं पाहत असेल तर ती वेळेत आवरतील. पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, मागे सुकाणू, मध्ये डोलकाठी. मागच्या बाजूला फळ्यांचा एक तुकडा, त्यावर झोपायचं, बसायचं, जेवायचं आणि भांडायचं. स्वयंपाकाला पत्र्याचा डबा, त्यात वाळू आणि वाळूवर चूल. पिण्याचं पाणी मडक्यात. आणि तुमच्या मनात जो प्रश्न आला आहे तो माझ्याही मनात आला होता. मी जायबाईला कानात विचारला.

"हात्तिच्या!" ती सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली. तिची पद्धत अशी: मागच्या बाजूला दोरीवर जुनं लुगडं टांगायचं आणि पुरुषांनी नाळेकडे तोंड करून मोठ्याने बोलत राहायचं. हिराजी अशा वेळी मासळीच्या भावावर गरजत असे. दुसऱ्या दिवसापासून त्याचा आवाज चढला की आजूबाजूच्या होड्यांवरची माणसं समजून मान फिरवायची. सभ्यता म्हणतात ती हीच, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

हिराजी साठीचा असेल. सडपातळ, काळाकभिन्न, आणि वाऱ्याशी सोडून कोणाशी फारसं न बोलणारा. मचवा त्याच्या बापाने बांधून घेतला होता. पहिल्या संध्याकाळी त्याने मधुकरला सुकाणू, दोऱ्या, शीड सगळं हात लावून दाखवलं, आणि मग सहज म्हणाला, "मासेमारीला देतो म्हून देतो, भाव. रेतीला मागनारे लय हायत. रेतीला नाय देनार. रेती भरली का होडीची हाडं मोडतात. तसं काय कळलं तर मी वाटंतूनच मागं फिरेन."

जायबाई चुलीत फुंकर घालत होती. 'मागं फिरेन' ऐकल्यावर तिने आणखी जोरात फुंकली.

पहाटे मतलई वारा सुटला. हा शब्द मी शाळेत मुलांना शिकवत होते: रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे ते मतलई वारे. प्रत्यक्षात तो वारा पाठीला लागतो, गार असतो आणि त्याला भाताच्या पेंढ्यांचा वास येतो, हे पुस्तकात नव्हतं. ओहोटीच्या पाण्याबरोबर आम्ही खाडीतून बाहेर पडलो, शीड फुगलं, आणि पहिल्याच मोठ्या लाटेला मी सासूबाईंच्या चकल्या समुद्राला अर्पण केल्या. मधुकरला काहीही झालं नाही. तो नाळेवर बसून पाय हलवत होता. मला त्याचा इतका राग आला की ओकारी थांबली.

दुपारी केळव्याला नांगर टाकला. सुरूची झाडं, पांढरी वाळू आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. मडकी भरून घ्यायची तर केळव्यालाच. पानवेलीच्या मळ्यातून एका म्हाताऱ्याने आम्हाला पानं दिली आणि पैसे विचारले तर शिव्या दिल्या. हिराजीने आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वारा बराबर नाय. उंद्या रहावं लागंल."

वारा मला तरी बरोबर वाटत होता. पण मी नाशिकची, मला काय कळतंय.

केळव्याच्या त्या मुक्कामात मला माझा नवरा भेटला. दुसरा शब्द नाही. जायबाई बाजारात गेली होती, हिराजी शिडाला ठिगळ लावत होता. मधुकर मला म्हणाला, "आमच्या हेडक्लार्कला शिंक येते कशी, बघ." आणि त्याने ती शिंक करून दाखवली. आधी डोळे मोठे, मग रुमालाचा शोध, मग फाईल बाजूला सारणं, मग 'एक मिनिट' असा हात, आणि शेवटी शिंक येतच नाही. मी हसून हसून फळीवर आडवी झाले. मग त्याने पोस्टमास्तर केला, भटजी केले आणि शेवटी इकडे तिकडे बघून स्वतःचे वडील केले. हिराजी सुई हातात धरून ऐकत होता. "परत एकदा बा करा, भाव," तो म्हणाला. त्याने सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला ते अगदी ओळखीचे वाटले म्हणे.

घरी हा माणूस भिंतीसारखा बसायचा. मी त्याला विचारलं, घरी का नाही असं बोलत? तो म्हणाला, "घरी ऐकायला सात जण असतात. बोलायचं एकालाच असतं."

हे त्याने कुठेही न बघता सांगितलं. मी मडक्यातलं पाणी ओतून घेतलं आणि नको असताना प्यायले.

चौथ्या दिवशी सातपाटी. तिथे खाडीच्या तोंडाशी होड्यांची दाटी, आणि निम्म्या होड्या धूर सोडत फटफट करणाऱ्या. जायबाईचा भाऊ त्याच्या नव्या होडीवरून आमच्याकडे आला, ताईला बाजूला घेऊन काही बोलला आणि हिराजीच्या हातात एक पत्र ठेवून गेला. तारापूरच्या गिऱ्हाइकाचं. मधुकर काडेपेट्या आणायला किनाऱ्यावर उतरला होता.

हिराजीने पत्र माझ्यापुढे धरलं. "बाय, तुमी मास्तरीन. वाचा."

पत्र मुनिमी अक्षरात होतं, पानभर. मचवा पसंत आहे, ठरल्याप्रमाणे व्यवहार पुरा करू, लवकर यावं. आणि मध्ये एक ओळ: मचवा रेतीच्या कामास लावायचा असल्याने डोलकाठी व शीड आम्हांस नको, ते काढून घ्यावे.

वाचायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात मी सगळा हिशोब केला. ही ओळ वाचली की हिराजी फिरणार. उद्या सकाळी दातिवरे, दुपारी सफाळे, संध्याकाळी दोन खोल्या, आठ माणसं आणि शिवणयंत्र. आणि भिंतीसारखा नवरा.

मी वाचलं, "मचवा पसंत आहे. ठरल्याप्रमाणे करू. लवकर यावे."

"बस?" हिराजी म्हणाला. "येवडा कागद, नि येवडंच?"

"बाकी नमस्कार-चमत्कार," मी म्हणाले.

त्याने पत्र घडी करून मला परत दिलं. "तुमच्याकडंच ठेवा. माज्याकडं भिजंल." मी ते माझ्या पिशवीत ठेवलं. जायबाई बोंबील साफ करत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत मान खाली घातली.

त्या दुपारी आम्ही खाडी ओलांडून पलीकडे मुरब्याच्या बाजूला, शांत पाण्यात नांगर टाकला. हिराजी आकाशाकडे बघून म्हणाला, वारा बरोबर नाय. मी म्हणाले, हो ना.

पाचव्या दिवशी माझा नवरा जवळजवळ बुडाला, तोही चिखलात.

दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती. मचवा एका अंगावर कलून चिखलात टेकला होता आणि आम्ही चौघं उतारावर बसल्यासारखे बसलो होतो. पलीकडे पाण्याच्या कडेला खडकांवर कालवं दिसत होती. मधुकरला ती काढायची हुक्की आली. हिराजी डोळ्यांवर हात ठेवून पडला होता. "खडक धरून जा, भाव. मधून नको," असं तो न उठताच म्हणाला. मधुकर मधून गेला.

आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. त्याने वळून आमच्याकडे पाहून आपले वडील चिखलात अडकले तर कसे दिसतील ते करून दाखवलं. मी हसले. मग तो गुडघ्यापर्यंत गेला आणि त्याने नक्कल थांबवली. पाय वर ओढायला गेला की दुसरा पाय खाली जायचा. मांड्यांपर्यंत गेला तेव्हा त्याने पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. परक्या माणसांसमोर. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की खडकांच्या पायाशी मघाशी कोरडा असलेला चिखल आता चकाकत होता. भरती सुरू झाली होती.

हिराजी एका उडीत उभा राहिला. "हलू नका! निजा! पोटावर निजा!"

"निजू?" मधुकर ओरडला. "इथे?"

"निजा म्हनतो ना!"

मी कडेवरून उतरायला गेले तर जायबाईने माझा दंड असा पकडला की तिच्या बोटांचे वळ आठवडाभर होते. "तू उतरलीस तर दोगं जाल," ती म्हणाली. तिने झोपायच्या दोन फळ्या उचलल्या, लुगडं वर खोचलं, आणि जिचे गुडघे गेले होते म्हणून मचवा विकायला काढला होता ती बाई एक फळी पुढे टाकत, तिच्यावर रांगत, मागची फळी ओढून परत पुढे टाकत चिखलावरून निघाली. हिराजी मचव्यावरून दोर सोडत होता, त्याचं टोक तिच्या कमरेला होतं. पाणी आता मधुकरच्या हनुवटीजवळ येऊन मागे जात होतं, कारण तो बिचारा सांगितल्याप्रमाणे निजला होता.

मी काहीही केलं नाही. मी उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: ती ओळ वाचली असती तर आत्ता आपण सफाळ्याच्या रस्त्यावर असतो.

जायबाईने दोर त्याच्या काखेतून घातला. हिराजीने आणि मी मिळून ओढला. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला चिखलाने एक असा आवाज केला जो मी सभ्य लिखाणात लिहू शकत नाही, आणि मधुकर बाहेर आला. त्याची पँट आत राहिली. ती अजूनही मुरब्याच्या खाडीत असेल.

मचव्यावर चढवल्यावर तो थरथरत होता. जायबाईने त्याला आपलं जुनं लुगडं गुंडाळलं, तेच दोरीवरचं. हिराजीने दोर गुंडाळून ठेवला, मग म्हणाला, "कालवं मिळाली का, भाव?" आणि मधुकर हसायला लागला आणि हसता हसता रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. लग्नानंतर चारचौघांत मी त्याला असा हात लावला तो पहिल्यांदा. मला त्या क्षणी सगळं सांगून टाकायचं होतं. पत्र पिशवीत होतं, पिशवी हाताच्या अंतरावर होती. मी नाही सांगितलं. कारण हिराजीने परत आकाशाकडे पाहिलं होतं आणि तो म्हणाला होता, "उंद्या आलेवाडीला जाऊ. तितं दोन दिस विसावा घ्या."

आलेवाडीचे दोन दिवस मी कोणाला देणार नाही. बिनकामाचे, लांबलचक. सकाळी पाण्यात तोंड धुवायचं, चुलीवर चहा, ताज्या बोंबलांचं कालवण आणि भात. मधुकर हिराजीचा सदरा आणि लुंगी घालून तांडेल झाला होता. कपडे वाळत घातले की मीठ धरून कडक व्हायचे आणि घालताना कुरकुरायचे. अंघोळ नाही, आरसा नाही, कोणाचे पाय चेपणं नाही. मी जायबाईकडून बोंबील उभा चिरायला शिकले, आणि ती माझ्याकडून स्वतःची सही शिकली. चुलीच्या कोळशाने फळीवर. 'ज' तिला आवडला नाही. "याला शेपूट कशाला?" म्हणाली, आणि शेपटीशिवायच काढत राहिली.

पुढचा मुक्काम घिवलीचा. तिथून उत्तरेला बांधकामाचे सांगाडे दिसत आणि दिवसभर ट्रकांची धूळ उडत असे. हिराजी तिकडे पाठ करून बसला. दर सकाळी वारा उत्तम असायचा आणि दर सकाळी तो म्हणायचा की बरोबर नाही. आता आम्ही चौघंही मान डोलवायचो.

नवव्या दिवशी सबब संपली. भरतीबरोबर आम्ही तारापूरच्या खाडीत शिरलो. किनाऱ्यावर गिऱ्हाइकाचा माणूस उभा होता, छत्री आणि वही घेऊन. सभ्य गृहस्थ. त्याने मचव्याभोवती फेरी मारली, फळ्यांवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "छान. डोलकाठी आजच उतरवता की उद्या?"

"कशाला उतरवू?" हिराजीने विचारलं.

"रेतीच्या होडीला डोलकाठी कशाला, तांडेल? पत्रात लिहिलं होतं की."

हिराजी त्या माणसाकडे पाहत राहिला नाही. तो सरळ माझ्याकडे वळला. मला वाटलं होतं की वेळ आली तर काहीतरी सुचेल. मास्तरीणबाईंना शब्द कधी कमी पडले नव्हते.

"होतं पत्रात," मी म्हणाले. "मी वाचलं नाही."

"का?"

"मला घरी जायचं नव्हतं."

मधुकर शेजारीच उभा होता, हिराजीच्या लुंगीत. त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. छत्रीवाल्याने वही उघडून तिच्यात काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं पाहिलं.

तेव्हा जायबाई पुढे झाली. "तिला काय बोलू नको. मलाबी ठावं व्हतं. भावानं सातपाटीलाच सांगितलं. ती वाचताना मदीच थांबली, थुकी गिळली, तवाच मला समाजलं का हिनं गाळलं. मी गप रायले."

"तू?" हिराजी म्हणाला.

"मी. तुला सांगितलं असतं तर तू फिरला असतास. नि मी आनखी धा वर्सं टोपली घेऊन फिरले असते. तुजा बा या मचव्यात व्हता, मला ठावं हाय. पन माजे पाय कोनाच्या मचव्यात हायत?"

 हिराजी वाळूवरून चालत गेला आणि एका उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसला. तासभर तरी. आम्ही तिघं आणि छत्रीवाला, असे चौघं उन्हात उभे होतो. मधुकर शेवटी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मीही गाळलं असतं." मी त्याला म्हणाले, "म्हणूनच नाही सांगितलं. एकाने तरी स्वच्छ राहायला हवं होतं." हे अर्धंच खरं होतं. मला भीती होती की तो पत्र वाचून दाखवील.

हिराजी उठून आला तेव्हा त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. छत्रीवाल्याला म्हणाला, "डोलकाठी मी उतरवनार. तुमची मानसं हात लावनार नाय. शीड माजं." सौदा झाला. दुपारभर तो एकेक दोर सोडत होता. मधुकरने मदतीला हात पुढे केला, तो त्याने घेतला. मी पुढे झाले तर म्हणाला, "तुमी बसा."

मावशीकडे आम्ही जेमतेम तासभर गेलो. लुंगीतल्या भाच्याला पाहून तिने आधी दार लावून घेतलं. फराळात लाडू तेवढे शिल्लक होते.

परतीच्या प्रवासाविषयी उपयुक्त माहिती: मचव्याचं शीड घडी घातलं तरी बैलाएवढं असतं आणि त्याला वीस वर्षांच्या मासळीचा वास असतो. तारापूरच्या एसटीच्या टपावर ते चढवायला सहा माणसं लागली. सालवडच्या अलीकडे बांधकामावरचे मजूर बसमध्ये चढले. एकाने नाक दाबून विचारलं, "ऊपर क्या मरा है भाई?" दुसरा म्हणाला, "सर्कस का तंबू होगा." बोईसरला उतरवताना मात्र त्यांनीच खांदा दिला आणि गाडीच्या फलाटापर्यंत आणून ठेवलं. हिराजी त्या गठ्ठ्यावर बसला. साठ वर्षांचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसणार होता, आणि रुळांकडे पाठ करून बसला होता.

गाडीला वेळ होता. अचानक त्याने मला हाक मारली. "बाय. ते पत्र हाय?"

मी पिशवीतून काढलं.

"वाचा. समदं."

मी वाचलं. फलाटावर, चहावाल्याच्या आरड्याओरड्यात, मायन्यापासून सहीपर्यंत.  त्या ओळीपाशी मी थांबले, परत मागे गेले आणि ती ओळ पहिल्यापासून वाचली. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्याने हात पुढे केला, मी पत्र त्याच्या हातात दिलं.

"शाळंत पोरांस्नी शिकवतेस ना," तो म्हणाला. नऊ दिवसांत तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला. "ज्याला वाचता येत नाय त्याला समदं वाचून दाखवायचं. त्याला काय झोंबंल ते त्याचं तो बघंल."

मी हो म्हणाले. पालघरला आम्ही दोघं उतरलो. ते पुढे सफाळ्याला गेले.

घरी काय झालं ते थोडक्यात. सासूबाईंनी आमचा वास घेतला आणि आम्हाला मागच्या दाराने आत घेतलं. सासऱ्यांनी विचारलं, "नऊ दिवस? होडीत?" मधुकर त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला की आम्ही गावात वेगळी खोली बघतो आहोत. आम्ही बघत नव्हतो. मला ते तिथेच कळलं. पुढे चार महिने घरात त्यावरून महाभारत झालं, पण गुढीपाडव्याला खोली घेतली.

त्याच उन्हाळ्यात मी एकटी दातिवऱ्याला गेले. हिराजी मेहुण्याच्या होडीवर आला होता. अंगाला डिझेलचा वास, कानात इंजिनाची धडधड, आणि मला धक्काच बसला, तो खुशीत होता. मला पाहून ओरडला, "बाय! आता वाऱ्याची वाट बघावी लागत नाय!" होडीचं इंजिन चालूच होतं. मी जवळ जाऊन म्हणाले, "तांडेल, माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं!"

"आं?"

"मी पत्र खोटं वाचलं!" मी किंचाळले. आणि तेवढ्यात कोणीतरी इंजिन बंद केलं. अख्ख्या किनाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. जाळी विणणारे, मासळी निवडणाऱ्या बाया, कुत्री.

"समद्या दातिवऱ्याला ठावं हाय," हिराजी म्हणाला. "जायबाई गप बसनार हाय का? बस. चा घे."

जायबाईने चहा दिला. हिराजी बशीत ओतून फुर्र करून प्यायला आणि म्हणाला, "राग हाय अजून. तुज्यावर थोडा, हिच्यावर थोडा, माज्यावर लय. वारा रोज बराबर व्हता." मग त्याने जायबाईकडे कप पुढे केला, अजून हवा म्हणून.

संध्याकाळच्या एसटीने परत आले. वाटेत दोन्ही बाजूंनी खाचरं मोकळी पडलेली होती आणि खिडकीतून धूळ येत होती. पत्र खोटं वाचून मिळवलेल्या त्या पाच दिवसांतून मला काय मिळालं ते मला ठाऊक आहे, मी त्याच्याबरोबर पुढे चाळीस वर्षं राहिले. ते ज्याच्याकडून घेतलं त्याला काय पडलं तेही ठाऊक आहे, त्याने बशीतून चहा पिता पिता सांगितलं. तो मचवा रेतीखाली किती वर्षं टिकला, हे मात्र मी त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही कधी नाही. विचारायला हवं होतं. उत्तर ऐकायची तयारी अजून झालेली नाही.